भावाची बोटं प्रेसमध्ये गेली, कंपनी अपघाताची नोंदच करत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ चाकण एमआयडीसीत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबायच्या मशीनवर) आहे, ठेकेदाराकडून, पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापतात. मागच्या मंगळवारी नाइट शिफ्टला उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरातून गेली. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर 8 दिवस बंद होता, आणि फाटलेला रक्ताचा हँडग्लोव्ह सुपरवायझरने स्क्रॅपच्या ड्रममध्ये टाकला असं शेजारच्या प्रेसवरचा पोरगा सांगतो. ईएसआयच्या दवाखान्यात न नेता खाजगीत नेलं, तिथं केसपेपरवर लिहिलंय "घरी दारात हात सापडला". बिल कंपनीने भरलं म्हणून आई म्हणते आता गप्प बस. पण पोराला शर्टाचं बटण लावता येत नाहीये हो, आणि ठेकेदार कागदाचं नाव काढलं की फोनच उचलत नाही. रिपोर्ट नक्की कोणी द्यायचा, कंपनीने की ठेकेदाराने? आणि आम्ही स्वतः कळवलं तर चालतं का?

प्रतिसाद: ताई, गप्प अजिबात बसू नका. मी सेफ्टीत काम करतो. जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम 88 घ्या नाहीतर कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेचं कलम 10, कामावरच्या दुखापतीने माणूस 48 तास कामावर येऊ शकला नाही की कारखान्याने सरकारला कळवायलाच लागतं, मग कामगार ठेकेदाराचा का असेना. ईएसआयला वेगळा रिपोर्ट जातो, बोट तुटण्यासारखी गंभीर इजा असेल तर लगेच, बाकी वेळी 24 तासांत. आणि अपघाताची खबर कामगाराच्या वतीने दुसरं कोणीही देऊ शकतं, म्हणजे तुम्हीही. बिलापेक्षा महत्त्वाचं हे, की "घरी लागलं" असंच राहिलं तर बोटं गेल्याबद्दल मेडिकल बोर्डाकडून ठरणारी आयुष्यभराची पेन्शन हातची जाईल, आत्ता रजेत ईएसआयकडून मिळणारे पगाराचे 90 टक्के पण अडकतील. खाजगी डॉक्टरला लेखी द्या की माहिती चुकीची लिहिलीय. कंपनी, ठेकेदार, ईएसआयची शाखा आणि पुण्यातलं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, चौघांना एकच पत्र पाठवा, तारीख, शिफ्ट, मशीन नंबर घालून. आणि त्या शेजारच्या पोराकडून आजच लिहून घ्या, नंतर त्याच्यावर पण दबाव येतो.

धागाकर्ती: खूप आभार दादा. तो पोरगा हो म्हणालाय, संध्याकाळी घरी येतोय. पत्र स्पीड पोस्टाने पाठवू की ईमेल पुरेल?

प्रतिसाद: दोन्ही करा, पोचपावत्या जपून ठेवा. आणि भावाला उद्याच ईएसआयच्या डॉक्टरला दाखवा.