बिलांवरून किंमत ठरत नाही

जुनी जीप विकताना "रिस्टोरेशनची (गाडी पुन्हा मूळ रूपात आणण्याची) सगळी बिलं जोडली आहेत, तेव्हा मागितलेली किंमत रास्तच" असं म्हणतात, ते मला पटत नाही. बिलांवरून खर्च कळतो, गाडी मुळात कोणती आहे ते नाही. दुसऱ्या महायुद्धातली जीप म्हणून विकायला काढलेल्या गाड्यांत तर आधी हेच तपासायला हवं. डॅशबोर्डवरच्या पाटीवर जाऊ नका, तशा पाट्या नव्या बनवून मिळतात. त्यापेक्षा खाली वाकून रेडिएटरखालचा चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, आडवा दांडा बघा. युद्धातली जीप दोन कंपन्यांनी बनवली: विलीजच्या एमबीला तिथे गोल नळी असते, फोर्डच्या जीपीडब्ल्यूला उलट्या यू आकाराचा पत्रा. कागदावर एमबी आणि खाली उलटा यू असेल, तर चासी दुसऱ्या गाडीची.

मागे टेलगेट (खाली उघडणारी फळी) आणि पुढच्या ग्रिलला युद्धातल्या जीपच्या 9 ऐवजी 7 फटी दिसल्या, तर ती बहुधा 1945 पासून आलेली विलीजचीच नागरी जीप सीजे-2ए, वर लष्करी हिरवा रंग चढवलेली. सीजेही गुणी गाडी आहे, मनापासून सांगतो, जरूर घ्या. पण सीजेच्याच भावात. आणि जोडाजोड केलेली चासी निघाली तर इंजिन कितीही गोड चालू दे, अस्सल गाडीचा भाव देऊ नका.