रोज मूठभर सुकामेवा, पण चरकांचा श्लोक अर्धाच का?

शिळोप्या:
सुकामेव्याचं बोलणं निघालं की ‘रोज मूठभर खा, आयुर्वेदात हे आधीच सांगितलंय’ येतंच. काय सांगितलंय ते बघू की. चरकसंहितेत, सूत्रस्थानाच्या २७व्या अध्यायात, वाताम म्हणजे बदाम आणि अक्षोट म्हणजे अक्रोड हे गुरू (म्हणजे पचायला जड), उष्ण, स्निग्ध, बलप्रद, वातघ्न. इथवर सगळे सांगतात. त्याच वर्णनाची शेपटी आहे ‘कफपित्ताभिवर्धनाः’. ती छाटूनच फॉरवर्ड फिरतात. पचायला जड, वर कफ-पित्त वाढवणारी वस्तू सरसकट सगळ्यांनी रोज खावी, हे यात कुठे आलं?

निवांत_खवय्या:
अहो, श्लोक राहू द्या. स्पेनमध्ये आहार आणि हृदयविकारावर झालेल्या प्रेडिमेड चाचणीत जवळपास साडेसात हजार लोक होते. एका गटाला भूमध्यसागरी आहार (ऑलिव्ह तेल, भाज्या, मासे वगैरे) आणि रोज ३० ग्रॅम सुकामेवा, त्यात निम्मे अक्रोड, बाकी बदाम आणि हेझलनट. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू, हा सगळा मिळून धोका चरबी कमी करायला सांगितलेल्या गटापेक्षा २८ टक्क्यांनी कमी.

शिळोप्या:
तीच ना, २०१३ला छापली आणि २०१८ला मागे घेतली? कोण कुठल्या गटात, याच्या चिठ्ठ्याच काही ठिकाणी नीट टाकल्या नव्हत्या. एका घरातली माणसं एकाच गटात!

निवांत_खवय्या:
आणि दुरुस्त करून त्याच वर्षी पुन्हा छापली, निष्कर्ष जवळपास तोच राहिला, हे कोण लिहिणार? अर्ध्या श्लोकावर ओरडायचं आणि स्वतः अर्धी बातमी द्यायची!

सालपट:
मध्येच तोंड घालतो. २०१२च्या एका मोजणीत २८ ग्रॅम बदामांतून शरीराला १२९ कॅलरी मिळाल्या. नेहमीच्या हिशेबाने त्या १७०च्या आसपास धरतात. पेशींच्या भिंती चावूनही पूर्ण फुटत नाहीत, बरीच चरबी तशीच बाहेर पडते. मग ‘गुरू’ म्हणणारे बरोबरच होते की!

शिळोप्या:
नाही हो. गुरू म्हणजे अग्नीवर, पचनशक्तीवर भार. न पचता निघून गेलेली चरबी म्हणजे तेच, असं परस्पर जुळवू नका. अशीच जुळवाजुळव करून अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, असंही लोक सांगत आलेत.

निवांत_खवय्या:
अक्रोडात ओमेगा-३ आहे, दिसण्याचा संबंध नाही. सालपट, तुम्ही नावाला जागून सांगा, बदाम सोलायचे का?

सालपट:
पॉलिफेनॉल ही उपयोगी वनस्पतिद्रव्यं मुख्यतः सालीतच असतात, मी सोलत नाही. अख्खे बदाम रात्रभर भिजवून, खनिजं शोषायला आड येणारं फायटेटही फारसं कमी होत नाही. दात कमकुवत असतील तर मात्र खुशाल भिजवा.

शिळोप्या:
दुरुस्तीचा मुद्दा मान्य, मी अर्धंच लिहिलं. पण चाचणीतली माणसं पंचावन्न-साठीच्या पुढची, हृदयविकाराचा धोका असलेली. जेवणानंतर वरून मूठभर बदाम तोंडात टाकणाऱ्या तिशीतल्या माणसाला तो २८ टक्क्यांचा आकडा कसा लावता?