लिंक-१६ मधील रिकामे वेळखंड
प्रश्न: लिंक-१६ या लष्करी विमाने, जहाजे व रडार केंद्रे जोडणाऱ्या रेडिओ-संदेशजाळ्यात १२ सेकंदांच्या चौकटीत (फेरीत) १,५३६ वेळखंड (संदेश पाठवण्याच्या पाळ्या) असतात, प्रत्येक ७.८१२५ मिलिसेकंदांचा. वाटप आधीच ठरलेले असल्यास, ज्या केंद्राकडे कळवण्यासारखे काही नाही, त्याचा खंड वाया जातो. यावर उपाय काय?

उत्तर १: मागणीनुसार वाटप करावे, मात्र तातडीच्या इशाऱ्यांसाठी काही खंड राखीवच हवेत, कारण मागणी नोंदवण्यातही वेळ जातो.

उत्तर २: त्याआधी संदेशांची द्विरुक्ती थांबवावी, असे मला कळकळीने वाटते. एकच विमान दोन रडारांना दिसले, तर ज्याची नोंद अधिक अचूक त्यानेच ती कळवायची असते. पण रडारांची दिशाजुळणी (त्यांच्या दिशा-मोजणीचा परस्पर मेळ) चुकली की एका विमानाचे दोन माग (जणू दोन वेगळ्या विमानांच्या नोंदी) उमटतात आणि दोन्ही केंद्रे बोलत राहतात.

प्रश्नकर्ता: म्हणजे आधी जुळणी तपासायला हवी. आभारी आहे.