तबकड्या उतरवताय? मग एमपी३ करू नका

सुईवाला:
घरातल्या सत्तरेक एलपी (ग्रामोफोनच्या मोठ्या तबकड्या) संगणकावर उतरवायला घेतल्यात. ४० मिनिटांच्या तबकडीला ४० मिनिटं जातातच, त्यात घाई चालत नाही. एवढे कष्ट पुन्हा कोण घेणार? म्हणून २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई), ९६ किलोहर्ट्झला (सेकंदाला ९६ हजार नमुने) रेकॉर्ड करा आणि फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गाळता दाबलेल्या फाइलीत, ठेवा. थेट एमपी३ (यात आवाजाचा काही भाग कायमचा गाळला जातो) करून तबकड्या माळ्यावर टाकणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

काटकसर:
भांडा, पण आधी हिशेब करा. ९६/२४ ला न दाबलेली वेव्ह फाइल मिनिटाला ३५ एमबी, म्हणजे तबकडीमागे जवळपास १.४ जीबी. फ्लॅक ती बरीच दाबतं, पण खरखर जितकी जास्त तितकी फाइल कमी दबते. आणि एवढ्या जागेत जपता काय? चांगल्या एलपीतही सगळ्यात मोठा आवाज आणि खरखर यांतलं अंतर ६०-७० डेसिबल. सीडीच्या १६ बिटांत ९६ डेसिबल मावतात. उरलेल्या बिटांत टर्नटेबलची घरघर सांभाळायची हौस मला नाही.

सुईवाला:
२४ बिट ऐकायला नाहीतच हो, लेव्हल लावायला आहेत. शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, कमाल मर्यादेच्या १० डेसिबल खाली ठेवलं तरी काही बिघडत नाही, आणि अचानक आवाज चढला तर टोक छाटलं जात नाही. ९६ किलोहर्ट्झचा फायदा ओरखड्यांची टकटक काढताना. ओरखड्याचा आवाज कानाला ऐकू येण्यापलीकडेही पसरलेला असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला तो गाण्यापासून वेगळा पकडणं सोपं जातं.

शंकेखोर:
सुई झिजलेली आणि खाचेत धूळ असेल, तर फ्लॅक धुळीची तंतोतंत नक्कल करणार! माझ्या पहिल्या बारा तबकड्यांवर गुणगुण आली. अर्थिंगची तार सुटली होती. कळलं कधी, तर सगळ्या फाइलींना नावं देऊन झाल्यावर.
आणि कुणाकडे ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या असतील तर एलपीची सुई लावू नका. त्यांची खाच बरीच रुंद, सुई तळाशी घासत जाते. शिवाय आरआयएए वक्र (तबकडी कापताना खालचे सूर दाबायचं आणि वरचे चढवायचं ठरलेलं प्रमाण) रूढ झाला १९५४ च्या सुमारास. त्याआधी कंपनीगणिक वेगळी तऱ्हा, त्यामुळे आजच्या फोनो प्रीअँपमधून (तबकडीचा क्षीण आवाज वाढवून तो वक्र उलटवणाऱ्या यंत्रातून) आवाज जरा भलताच येतो.

काटकसर:
सुईचं मान्य. पण एमपी३ ला एवढ्या शिव्या? ३२० केबीपीएसची, म्हणजे एमपी३ च्या सगळ्यात वरच्या दर्जाची, फाइल डोळे मिटून ओळखून दाखवा. मी घरी करून पाहिलं, मला नाही जमलं.

सुईवाला:
मलाही जमणार नाही. फोनवर मीही तेच ऐकतो. पण उद्या त्या एमपी३ मधली खरखर काढून पुन्हा एमपी३ केलीत की दुसऱ्यांदा काटछाट. फ्लॅकमधून हवी तेव्हा एमपी३ काढता येते, उलट नाही. शिवाय फ्लॅकमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ ठसा (आवाजावरून काढलेला तपासणीचा आकडा) असतो, फाइल बिघडली तर तपासणीत कळतं. साध्या वेव्हमध्ये ती सोय नाही, टॅगच्या (गाणं, गायक अशा नोंदींच्या) नावानेही बोंब.

काटकसर:
बरं, फ्लॅक घेतो. २४ बिटही घेतो. पण ४८ किलोहर्ट्झच्या वर एक पाऊल टाकणार नाही.

सुईवाला:
मग टकटक हाताने काढत बसा.

शंकेखोर:
तार तपासलीत का दोघांनी?