'ड्युअल टोन'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा : पदविकेच्या प्रात्यक्षिकासाठी मराठीत टिपणं लिहितोय. फोनचं बटण दाबल्यावर निघणारा आवाज तयार करणारी आयसी आणि तो ओळखणारी आयसी, असा धडा आहे. 'ड्युअल टोन'ला 'द्विस्वर', 'डिटेक्टर'ला 'शोधक' आणि 'इंटिग्रेटेड सर्किट'ला, म्हणजे आयसीला, 'एकात्मिक परिपथ' असं योजलंय. चालेल का?

उत्तर : 'द्विस्वर' टाळा. स्वर म्हटलं की वाचकाला सा-रे-ग-म आठवतं, नाहीतर अ-आ-इ-ई. त्यात ऐ आणि औ यांना आपण संयुक्त स्वर म्हणतोच, म्हणजे घोटाळा पक्का. शिवाय गाण्यात षड्ज-पंचम सोप्या प्रमाणात जुळतात याचं सुख असतं. फोनमध्ये ते न जुळणंच हवं असतं. प्रत्येक बटण दोन आवाज एकदम काढतं, एक त्याच्या आडव्या ओळीचा, एक उभ्या रांगेचा. आडव्या ओळींसाठी ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ, उभ्या रांगांसाठी १२०९, १३३६, १४७७ आणि १६३३. हे आकडे मुद्दाम असे निवडलेत की एक दुसऱ्याच्या पटीत बसत नाही आणि कुठल्याही दोघांची बेरीज किंवा वजाबाकी तिसऱ्यावर येत नाही.

मी 'जोडसूर' म्हणेन. सूर बोलण्यालाही असतो, भोंग्यालाही असतो, त्याला रागदारीचं बंधन नाही. आणि 'जोड' हा शब्द जोडाक्षरातून प्रत्येकाला ठाऊक आहे. पाचाचं बटण दाबलं की ७७० आणि १३३६ एकदम वाजतात. त्यातला एकटा ७७० म्हणजे चार, पाच की सहा, हे सांगताच येणार नाही. जोडाक्षरातल्या पाय मोडलेल्या व्यंजनासारखीच त्याची गत.

दुसरं उत्तर : 'जोडसूर' आवडला. 'शोधक' मात्र अजिबात नको. शोधायचं काय, आवाज तारेवरून आपणहून येतोय! एमटी ८८७० ही आयसी काय करते ते पाहा. आधी डायलटोन, म्हणजे फोन उचलल्यावर येणारा सलग आवाज, गाळते, मग वरचा आणि खालचा गट गाळण्यांनी वेगळा करते, दोन्हींची कंप्रता मोजते, आणि दोन्ही सूर ठरावीक वेळ टिकले तरच चार बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा चार खुणांत, अंक बाहेर देते. फोनवर माणसं बोलत असतात, हसत असतात, मागे टीव्ही चालू असतो. त्यातलं काहीही अंक म्हणून आत शिरता कामा नये. म्हणजे मुख्य काम खरं-खोटं वेगळं करण्याचं. त्याला आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे : पारखणे. 'जोडसूर पारखणारी आयसी' लिहा. सूर काढणारी ती 'काढणारी'. टीपी ५०८९ त्यातलीच. दोघींना ताल देणारा ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक (क्रिस्टल) चालतो. अमेरिकी रंगीत टीव्हीसाठी तो ढिगाने बनत असे, म्हणून स्वस्त मिळे.

पुरवणी : विश्वकोशात सर्किटला 'मंडल' आहे, शाळेच्या पुस्तकांत 'परिपथ'. दोन्ही चांगले, पण दुरुस्तीच्या टेबलावर 'आयसी उडाली' हेच ऐकू येतं. विद्यार्थ्याला तोच शब्द द्या.

आणि एक. 'फोन फिरव' हे आपण अजून म्हणतो ते चकतीच्या फोनमुळे. बटणांची ही पद्धत बेल कंपनीने १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग इथे ग्राहकांसाठी सुरू केली. चकतीच्या फोनवर शून्यासाठी तारेवरून विजेचे दहा झटके जात. ८८७० सुद्धा शून्याला चार बिटांत १०१०, म्हणजे द्विमान पद्धतीतले दहाच, दाखवते. मुलं इथे हमखास गोंधळतात, टिपणात ठळक लिहा.

विचारणाऱ्याकडून : सगळं पटलं. धड्याचं पहिलं वाक्य आता असं : 'प्रत्येक बटण एक जोडसूर काढते, पलीकडची आयसी तो पारखून अंक सांगते.' परिपथ फक्त आकृतीच्या मथळ्यात ठेवतोय.