मदत हवी आहे: वडील वारले, आई विडी कामगार, मुलगा नववीतून बाहेर. बालसंगोपन की प्रायोजकत्व? (कुंभारी, सोलापूर)

घरकुल_सेविका

नमस्कार मंडळी. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या (विडी कामगारांच्या वसाहतीतल्या) एका कुटुंबासाठी विचारतेय. नावं देत नाही, बाकी तपशील आहे तसा.

आई ३४ वर्षांची, कार्डधारक विडी कामगार. महिन्याला हातात साधारण पाच हजार. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, आठ महिन्यांपूर्वी शहरातल्या रुग्णालयात वारले. मृत्यू दाखला महापालिकेचा मिळालाय.

मुलगा १५ वर्षं ४ महिने. दिवाळीनंतर शाळेत गेलाच नाही. संध्याकाळी सातला कारखान्यात मागाच्या कांड्या (सुताच्या नळ्या) भरायला जातो, पहाटे परततो. मावा (तंबाखू-सुपारीचा) खातो, दिवसाला तीन-चार पुड्या. मुलगी ९ वर्षांची, चौथीत, शाळा नियमित.

अडचण अशी की रेशनकार्ड अजून वडिलांच्या नावावर आहे. आधारवर आडनाव आधी आणि नाव नंतर, मृत्यू दाखल्यावर उलटं, शिवाय आडनावात एक अक्षर वेगळं. मुलांची बँक खाती नाहीत.

प्रश्न:
१) बालसंगोपनाचा अर्ज करू की मिशन वात्सल्यचा? दोन्ही चालतात का?
२) मुलाचं बोनाफाईड कुठून आणू? तो शाळेतच नाही.
३) आई म्हणते, "समितीपुढं नेलं तर पोरं ठेवून घेतील." तिला काय सांगू?
४) मुलाच्या कामाबद्दल १०९८ ला (मुलांसाठीच्या हेल्पलाईनला) कळवावं का?

---

कागद_आधी

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एका मुलासाठी एकच. दोन्हीकडे अर्ज टाकून बघू असं करू नका, पडताळणीत सापडतं आणि दोन्ही फाईली अडकतात.

क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना राज्याची आहे. एका मुलाला महिन्याला २,२५० रुपये, वय १८ पूर्ण होईपर्यंत. आदेश बालकल्याण समिती काढते. मिशन वात्सल्यचं प्रायोजकत्व केंद्र-राज्य मिळून, एका मुलाला महिन्याला ४,००० रुपये, मंजुरी जिल्हा पातळीवरच्या प्रायोजकत्व समितीची. दोन मुलांचा हिशोब करा, ४,५०० आणि ८,०००. फरक मोठा आहे. विधवा आईची मुलं प्रायोजकत्वात बसतात, म्हणून आधी तेच मागा. मात्र जिल्ह्याला मंजूर असलेली संख्या भरलेली असेल तर थांबावं लागतं. तेव्हा जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज देतानाच विचारून घ्या, जागा नसेल तर बालसंगोपनाकडे वळा.

उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ९६,००० आहे, तुमची केस बसते.

---

तलाठी_सज्जा

वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. ९६,००० ही शहरी मर्यादा. ग्रामीण भागासाठी ७२,०००. कुंभारी महापालिका हद्दीत नाही, ग्रामपंचायत आहे, तालुका दक्षिण सोलापूर. म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या आत. पाच हजार गुणिले बारा साठ हजार होतात, त्यामुळे या कुटुंबाचं अडणार नाही. पण मुलाची कमाई त्यात मिळवली की आकडा वर जातो, हे ध्यानात ठेवा. मुलगा कामावर असताना चौकशी झाली तर दोन्हीकडून अडचण.

दुसरं, उत्पन्नाचा दाखला दक्षिण सोलापूर तहसीलचाच हवा. लोक शहरातल्या सेवा केंद्रात जातात, ऑपरेटर सवयीने उत्तर सोलापूर निवडतो, अर्ज पंधरा दिवसांनी परत येतो. फॉर्म भरताना समोर बसा आणि तालुका स्वतः वाचा.

तिसरं, दाखल्यावर आकडा खरा लावा. संजय गांधी निराधार योजनेसाठी २१,००० ची मर्यादा आहे म्हणून काही जण कमी आकड्याचा दाखला काढून देतात आणि इथे साठ हजारांचा जोडतात. एकाच वर्षाचे दोन दाखले, दोन आकडे. मग आईचंही जातं आणि पोरांचंही.

---

कागद_आधी

बरोबर, ७२,०००. घाईत शहराचा आकडा लिहिला. धन्यवाद.

---

नावातला_घोळ

नावाचं आधी बघा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आणि घरकुलातल्या तेलुगू कुटुंबांत हे नेहमीचं. आडनाव आधी लिहायची पद्धत, मराठीत लिहिताना अक्षर बदलतं, शाळेत तिसरंच. नाव-आडनावाचा क्रम उलटा असेल तर बहुतेक ठिकाणी चालवून घेतात. अक्षर वेगळं असलं तर नाही.

मुलांचं कुठलं कागदपत्र दुरुस्त करायचं हे ठरवताना शाळेचं रजिस्टर मूळ धरा. मुलांच्या शाळेच्या नोंदीत वडिलांचं नाव जसं आहे तसं त्यांचं बाकीचं जुळवा. मृत्यू दाखल्यातली दुरुस्ती जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे होते, म्हणजे तुमच्या बाबतीत महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग, कुंभारी ग्रामपंचायत नव्हे. सोबत वडिलांचं आधार, रेशनकार्ड आणि आईचा अर्ज. वारलेल्या माणसाचं आधार आता बदलता येत नाही, त्यामुळे दाखलाच आधारशी जुळवावा लागेल.

त्यानंतर रेशनकार्डावर आईला कुटुंबप्रमुख करा, वडिलांचं नाव कमी करा. हे काम राहिलं की गृहचौकशीवाला हमखास शेरा मारतो.

मुलाचं आधार: १५ वर्षं झाली की बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन पुन्हा द्यावं लागतं. ते झालेलं नसलं तर बँकेत खातं उघडताना ठसा जुळत नाही आणि लोक मशिनला दोष देत बसतात. खात्याआधी आधार केंद्र.

---

थेट_खात्यात

खात्याबद्दल. मुलगी दहाच्या आत आहे, तिचं खातं आई पालक म्हणून उघडेल. मुलाचं त्याच्या नावाने उघडतं, तरी आईला जोडून ठेवा. पासबुकावर नाव आधारसारखंच, अक्षरासकट.

खातं आधारला "लिंक" असणं आणि थेट लाभासाठी (डीबीटी) मॅप झालेलं असणं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत नुसतं "आधार जोडा" म्हणू नका, "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग" असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोस्ट पेमेंट्स बँकेत हे तुलनेने लवकर होतं.

पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं आईला सांगू नका. बऱ्याचदा काही महिन्यांचे एकदम जमा होतात. त्या भरवशावर कर्ज काढायला नको.

---

गृहभेट

तिसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर, कारण बहुतेक फाईली कागदांनी नाही, या भीतीनेच थांबतात.

बाल न्याय कायदा २०१५ मध्ये संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय धरलाय. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, हे कायद्याचंच तत्त्व. आई आहे, घर आहे, मारहाण नाही, मग बालकल्याण समितीकडे जाण्याचा अर्थ "पोरं सोपवणं" होत नाही. उलट मूल घरातच राहावं म्हणून पैसे देण्याचा आदेश समिती काढते. आईला नेमकं हेच शब्दांत सांगा: मागायला जातोय, सोडायला नाही.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला. महिन्यातून निदान वीस दिवस बैठक असायला हवी. सामाजिक चौकशी अहवाल पंधरा दिवसांत आणि चौकशी चार महिन्यांत संपवावी असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ लागला तर हीच मुदत लिहून स्मरणपत्र द्या.

गृहभेटीत काय पाहतात? मुलं खरंच तिथे राहतात का, झोपायला जागा, शाळेची पुस्तकं, शेजारी काय म्हणतात. घरासमोर आई आणि दोन्ही मुलांचा एकत्र फोटो लागतो, घर क्रमांक दिसेल असा काढा. विडी वळण्याचं सूप, पानं समोर असतील तर लपवू नका, तो तिचा धंदाच आहे. पण मुलगी विड्या वळताना किंवा विड्यांची तोंडं दुमडताना दिसली तर शेरा येणार. शाळेच्या वयाच्या मुलीच्या हातून ते काम नकोच.

अर्जाला जोडायचं: आई व मुलांचं आधार, मृत्यू दाखला, रेशनकार्ड, उत्पन्न दाखला, रहिवासी पुरावा, बोनाफाईड, पासबुकाची प्रत, फोटो. अर्ज फुकट आहे. पाचशे-हजार घेऊन "करून देतो" म्हणणारे घरकुलात फिरतात, त्यांच्याकडे मूळ कागद देऊ नका.

---

१०९८_लावा

मुलगा रात्री काम करतो आणि तुम्ही कागद गोळा करताय? आधी १०९८ लावा. फुकट आहे, चोवीस तास.

---

गृहभेट

१०९८ लावायला माझा विरोध नाही. मूल धोक्यात असेल, मालक कोंडून ठेवत असेल, पगार अडवत असेल, तर पहिला फोन तोच. इथे मात्र आई, मुलगा आणि सेविका तिघंही बोलायच्या तयारीत दिसतात. अशा वेळी बाल संरक्षण कक्षात आईसोबत जाऊन स्वतः सांगितलं तर मूल छाप्यात पकडलेलं न राहता मदत मागणारं ठरतं. पोरगा पळून दुसऱ्या कारखान्यात जाण्याची शक्यताही कमी होते. आठवडाभरात तो काम सोडत नसेल तर मग फोन करा, त्यात हयगय नको.

---

कामगार_कायदा

मालकाशी बोलायला हे हाताशी ठेवा. १९८६ चा कायदा, २०१६ ची दुरुस्ती: चौदा ते अठरा वयाचा मुलगा "किशोर". धोकादायक कामावर पूर्ण बंदी. बाकी कामातही संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही, विश्रांती धरून दिवसाला सहा तासांच्या वर नाही, ओव्हरटाईम नाही, आठवड्याला एक सुट्टी. तुमच्या वर्णनातली पाळीच बेकायदेशीर आहे, कारखाना कसाही असो. बहुतेक मालक "सात ते आठ" हे ऐकलं की वाद घालत नाहीत. बाकी राहिलेला पगार मात्र त्याच दिवशी, आईच्या हातात घ्या.

---

शाळा_पुन्हा

बोनाफाईडचं. आधी शाळेत विचारा, दाखला काढून नेलाय का? नसेल नेला तर त्याचं नाव जनरल रजिस्टरला आहे. कागदावर मुलगा फक्त गैरहजर आहे. यूडायसवर (विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत) मात्र तो ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे कुठल्याच वर्गात नसलेल्यांच्या यादीत, गेलेला असू शकतो, मुख्याध्यापकांनी परत वर्गात घ्यायचं. ते झालं की बोनाफाईड त्याच दिवशी मिळतं. तो शाळेत बसल्याशिवाय फक्त कागद मागू नका. योजना चालू राहण्यासाठी हजेरी बघतात, हजेरी नसली की मदतीचा पुनर्विचार होतो.

नववीत परत बसायची लाज वाटत असेल (पंधरा वर्षांच्या पोराला वाटतेच) तर सतरा नंबर फॉर्म आहे. पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण असली की खाजगीरीत्या दहावीला बसता येतं. अर्ज ऑनलाईन, सोलापूर पुणे विभागीय मंडळाखाली. मुदत साधारण पावसाळ्यात जाहीर होते, चुकली तर विलंब शुल्क. पण सतरा नंबरवाल्याला रोजची शाळा नसते, संध्याकाळी तो पुन्हा कारखान्याकडे वळतो. माझं मत नियमित नववीच.

तिसरी वाट आयटीआयची. वेल्डर एक वर्षाचा, वायरमन दोन वर्षांचा, दोन्हींना आठवी पास चालतं. आठवीचं गुणपत्रक सांभाळून ठेवा.

---

पुडी_सोडा

मावा हा वेगळा प्रश्न समजू नका. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणूनच पोरं तो धरतात. पाळी सुटली की निम्मं काम झालं. बाकी निम्म्यासाठी तंबाखूमुक्ती हेल्पलाईन १८००११२३५६. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणं होतं. "सुटत नाही" म्हणून पोरगं तिथेच परत पुडी घेतं. त्या दिवसांत तोंडात बडीशेप, लवंग ठेवायला द्या, सुपारी नको. नुसती सुपारीही तोंडाला वाईटच, त्यातून तोंड उघडणं कमी होत जातं. तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील तर सिव्हिलमध्ये दाखवा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

मन अगदी खचलेलं वाटलं, बोलतच नसेल, तर टेलिमानस १४४१६. मराठीत बोलतात. वडील जाऊन आठ महिनेच झालेत, हे विसरू नका.

अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणं गुन्हा आहे. टपरीवाल्याला एकदा शांतपणे सांगून बघा.

---

घरकुल_सेविका

खूप आभार सगळ्यांचे. शाळेत विचारलं, दाखला नेलेला नाही, नाव रजिस्टरला आहे! दोन शंका. आईच्या विडी कार्डावर मुलांना आणखी काही मिळतं का? आणि वडिलांच्या मृत्यूबद्दल एकरकमी काही?

---

कागद_आधी

दोन्ही आहे. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती: चौथीपर्यंत वर्षाला १,०००, पाचवी ते आठवी १,५००, नववी-दहावी २,०००, अकरावी-बारावी ३,०००. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, आईची किमान सहा महिन्यांची नोकरी आणि कार्ड लागतं. अर्ज भरून काम संपत नाही, शाळेच्या नोडल शिक्षकाने तो पोर्टलवर तपासून पुढे पाठवावा लागतो. दरवर्षी सर्वांत जास्त अर्ज तिथेच मरतात. भरल्यावर आठ दिवसांनी शाळेत जाऊन स्थिती उघडून दाखवायला सांगा.

एकरकमी म्हणजे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना, २०,००० रुपये. कमावता माणूस १८ ते ५९ वयात वारला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल तर. अर्ज तहसीलला. वर्ष उलटू देऊ नका, चार महिने हातात आहेत.

---

तलाठी_सज्जा

तहसीलला जातच आहात तर उत्पन्न दाखला, कुटुंब लाभ आणि रेशनकार्डावरचं नाव, तिन्ही एकाच फेरीत. मृत्यू दाखल्याच्या पाच साक्षांकित प्रती घेऊन जा. दुरुस्त झालेल्याच्या, जुन्याच्या नव्हे.