ब्रशिंग निगेटिव्ह आलंय तरी सर्जन ऑपरेशनच म्हणतायत, काय करू?

निफाडकर:
बाबा ६३ वर्षांचे, रोज द्राक्षबागेत राबणारे. दीड महिन्यापूर्वी डोळे पिवळे झाले, पोटात काही दुखत नव्हतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, आजीच्या आग्रहाने गावात काविळीचं औषध घेतलं, चुन्याच्या पाण्याने हात धुतले, पाणी पिवळं झालं म्हणजे उतरली म्हणे. पण अंगाला खाज एवढी की रात्रभर झोप नाही, लघवी चहासारखी आणि संडास पांढरट. शेवटी रक्त तपासलं तर बिलीरुबिन (काविळीचं प्रमाण) १४. सोनोग्राफीत लिव्हरमधल्या नळ्या फुगलेल्या, खडा कुठेच नाही. ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जातात ती) करून, पित्त वाहतं राहावं म्हणून प्लास्टिकची बारीक नळी म्हणजे स्टेंट टाकला, ब्रशने पेशींचा नमुना घेतला (तेच ब्रशिंग) तो निगेटिव्ह, म्हणजे कॅन्सर सापडला नाही. आम्ही पेढे आणायचेच बाकी होतो. आता सर्जन म्हणतात पित्तनलिकेचा कॅन्सर धरूनच चला, लिव्हरच्या तोंडाशी आहे, अर्धं लिव्हर काढावं लागेल. सापडलाच नाही तर कापायचं कशाला?

सुगरण७१:
अहो पेढे नका आणू. माझ्या आईचं ब्रशिंग दोनदा निगेटिव्ह होतं, आम्ही त्यातच दोन महिने घालवले, एकाने तर चक्क खडा असेल सांगितलं होतं. आईची गाठ नळीच्या खालच्या टोकाला, स्वादुपिंडाजवळ, म्हणून व्हिपल झालं, म्हणजे स्वादुपिंडाच्या डोक्यासकट तो भाग काढायचं ऑपरेशन. कॅन्सर आहे हे कळलं ते काढलेल्या भागाच्या रिपोर्टवरून! नंतर सहा महिने कॅपेसिटाबिनच्या (केमोच्या) गोळ्या, तळपायाची सालं निघायची, खोबरेल लावून मोजे घालून बसायची. आज चार वर्षं झाली, भांडते अजून.

रात्रपाळी:
मी गॅस्ट्रोत रेसिडेंट आहे, फाइल न बघता बोलतोय हे लक्षात घ्या. ब्रशिंग पॉझिटिव्ह आलं तर खरं मानायचं, निगेटिव्ह आलं तर त्याला फार किंमत नाही. ही गाठ चिवट तंतूंची असते, नळीच्या भिंतीतून पसरते, ब्रशला पेशीच लागत नाहीत, निम्म्याहून जास्त वेळा हुकतं. म्हणून स्कॅन पक्का असेल तर बायोप्सीशिवाय ऑपरेशन करतात, यात फसवणूक नाही. केमो द्यायची तर मात्र आधी तुकडा लागतोच.
पण एक विचारा, आयजीजी४ ही रक्ततपासणी केलीय का? आयजीजी४ वाढण्याचा एक आजार असतो, कॅन्सर नव्हे, त्या आजारात नळी हुबेहूब अशीच आवळते आणि स्टेरॉइडने सुटते. सीए १९-९ या कॅन्सरसाठी करतात त्या रक्ततपासणीवर जाऊ नका, नुसत्या अडथळ्यानेही वाढतं, कावीळ उतरल्यावर परत करा. आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) किंवा सीटी स्टेंटच्या आधी झालं की नंतर? स्टेंट आत असला की चित्र गढूळ येतं.

निफाडकर:
आयजीजी४ नाही केलेलं. सीटी स्टेंटनंतर. म्हणजे चुकलंच का आमचं? आणि अर्धं लिव्हर काढून माणूस जगतो?

रात्रपाळी:
जगतो, लिव्हर परत वाढतं. उरणारा भाग लहान वाटला तर आधी दुसऱ्या, म्हणजे काढायच्या बाजूची पोर्टल व्हेन (लिव्हरला रक्त नेणारी मोठी शीर) बंद करतात, तीन-चार आठवड्यांत राहणारी बाजू फुगते, मग कापतात. पण बिलीरुबिन खाली आल्याशिवाय कुणी हात लावणार नाही, तेवढा वेळ आहे तुमच्याकडे. ऑपरेशन खरंच मोठं आहे, धोका आहे, हे लपवत नाही. पण बरं व्हायची शक्यता त्यातच असते. जेमसिटाबिन, सिसप्लॅटिन ही केमो आणि सोबत ड्युर्वालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध, हे बहुतेक काढता न येणाऱ्यांसाठी, त्याने आजार आटोक्यात राहतो.

दादर_लोकल:
परळला टाटाला एकदा दाखवाच. नुसते छापील रिपोर्ट नेऊ नका, सीटीची सीडी आणि ब्रशिंगच्या स्लाइड मागून घ्या, लॅबवाले कुरकुर करतात पण देतात. फुले योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड सोबत ठेवा.

निफाडकर:
सोमवारी निघतो. काल रात्री बाबांना हुडहुडी भरून ताप आला होता, क्रोसिन दिली, उतरलाय. प्रवास चालेल ना?

रात्रपाळी:
सोमवारची वाट बघू नका. स्टेंट तुंबून नळीत इन्फेक्शन झालं असेल, आत्ता जवळच्या हॉस्पिटलला न्या, जिथे स्टेंट टाकला तिथे फोन करा. परळ नंतर.